माळावरच्या फेऱ्या

दाजींनी मला पहिल्यांदा मारलं ते वळणात ब्रेक दाबला म्हणून. द्राक्षबागेत ठिबकला वापरतात तो काळा पाइप त्यांच्या हातात होता. वळणाच्या आतल्या अंगाला ते उभे होते. मी मोटरसायकलवरून पुढून गेलो तसा त्यांनी तो माझ्या पाठीवर ओढला. गाडी हातातून सुटली नाही एवढंच. पुढच्या फेरीला त्याच जागी आलो, पुन्हा बोट ब्रेकवर गेलं आणि पुन्हा पाइप बसला. तिसऱ्या फेरीला मी वळणाआधी ओढलेल्या पांढऱ्या फक्कीच्या रेघेच्या अलीकडेच ब्रेक मारला, रेघेवर सोडला आणि नुसत्या गॅसवर वळण काढलं. पाइप खांद्यावर टाकून दाजी पुढच्या वळणाकडे चालायला लागले, कारण तिथंही माझं चुकत होतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. आमचं घर पारगावच्या बाजूला, आणि मी साखर कारखान्यात वर्कशॉपला फिटर होतो. ताईला पिंपळवंडीकडच्या एका मळ्यात दिली होती. दाजी शेती बघायचे आणि हायवेला त्यांचं मोटरसायकलींचं गॅरेज होतं. लग्नाआधी ते पुण्यात मातीच्या ट्रॅकवर शर्यती मारायचे. दोनदा खांद्याचं हाड मोडून घेतल्यावर घरच्यांनी त्यांना ओढून गावी आणलं आणि बोहल्यावर उभं केलं. शर्यती सुटल्या, पण डोक्यातून गेल्या नाहीत. मळ्याच्या वरच्या अंगाला त्यांचा मुरमाड माळ होता. तिथं कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं. दाजींनी ट्रॅक्टरला फळी लावून त्या माळावर स्वतःचा ट्रॅक काढला. एक लांब सरळ पट्टा, बाभळीला वळसा, मग म्हशींच्या पाठी एकापुढे एक मांडाव्यात तसे मातीचे उंचवटे, दगडी बांधावरून एक उडी, आणि शेवटी निवडुंगाच्या कडेनं उलटं वळण. तिथून परत सरळ पट्ट्यावर.

माझी गाडी जुनी शंभर सीसीची टू-स्ट्रोक होती. दिवा, आरसे, मडगार्ड सगळं काढून टाकलेलं, टायर मोठाल्या बटणांचे. कारखान्याचं गाळप संपलं की आम्हाला ऐतवार मोकळा मिळायचा. मी सकाळीच मंचर, नारायणगाव करत त्यांच्या मळ्यावर जायचो आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत फेऱ्या मारायचो.

घरात दाजी मला "पावणं" म्हणत. बसायला सतरंजी टाकायला लावत, ताटात दुसऱ्यांदा तूप वाढायला सांगत. माळावर गेलं की मी पावणा राहत नसे. तिथं मी "ए भडव्या" असे. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. कारखान्यातले जुने फोरमनही नवीन पोराला पान्याच्या मुठीनं टपली मारूनच शिकवत. मार खाल्ल्याशिवाय हातात कसब येत नाही असं आमच्याकडं सगळेच मानत होते, मीही मानत होतो.

फेरीची वेळ ताई घ्यायची. शाळेत ती खो-खो खेळलेली, तिला त्या धावपळीची सवय होती. सरळ पट्ट्यावर फक्कीची जी शेवटची रेघ होती तिच्या टोकाशी ती डोक्यावर पदर घेऊन, हातात स्टॉपवॉच धरून उभी राहायची. पुढचं चाक रेघेला लागलं की अंगठा. दाजींचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता, पण तिच्या अंगठ्यावर होता. गॅरेजमधली पोरं वेळ घ्यायला लागली की ते घड्याळ हिसकावून घेत आणि म्हणत, "मालकीणबाईला बोलवा."

पहिल्या उन्हाळ्यात माझी फेरी एक मिनिट आणि वर तीसेक सेकंद इतकी होती. दाजी ती ऐकून थुंकले होते. "एवढ्यात बैल जाऊन येईल," ते म्हणाले. मग त्यांनी शिकवायला घेतलं. टाकीला पोट लागेल इतकं पुढं बसायचं. वळणात आतला पाय सोडायचा पण बाहेरच्या पायानं फूटरेस्ट दाबून धरायचा. उंचवट्यांवर खाली बसायचं नाही, गुडघे ढिले सोडून उभं राहायचं, गाडीला खाली नाचू द्यायचं. आणि नजर. नजर चाकापुढं ठेवायची नाही, जिथं जायचंय तिथं ठेवायची. "दगडाकडं बघशील तर दगडावर जाशील," ते म्हणत. मी दगडाकडं बघितलं की ते समजायचं त्यांना, माहीत नाही कसं. फेरी पूर्ण करून आलो की हेल्मेटवर पाना बसायचा. आत डोकं घंटेसारखं वाजायचं.

ताईनं त्या उन्हाळ्यात माझ्या शर्टाला आतून जुन्या गोधडीचे पट्टे शिवून दिले. "पडलास तर लागायला नको," म्हणाली. कोपरांना एक-एक घडी होती. पाठीला मात्र तीन घड्या होत्या.

दुसऱ्या उन्हाळ्यात दाजी स्वतः माझ्याबरोबर फिरायला लागले. त्यांची गाडी माझ्या गाडीपेक्षा जड होती आणि ते ती पाण्यातल्या सापासारखी वळवत. बाभळीच्या वळणाला ते आतून घुसले, खांद्याला खांदा लागला आणि त्यांनी सरळ पाय उचलून माझ्या टाकीवर लाथ घातली. मी गाडीसकट दगडी बांधावर गेलो. तोंड फुटलं. पुढचे दोन दात मी हातावर घेतले, ते दुधाच्या दातांसारखे बारके दिसत होते. दाजी वळून आले, गाडी बंद न करता माझ्यापुढं उभे राहिले.

"शर्यतीत तुला वाट कोण देणार हाय?" ते म्हणाले. "तुझी आय येऊन देणार का?"

मी रक्त थुंकलो आणि गाडी उचलली. हँडल वाकडं झालं होतं. तसंच पायानं दाबून सरळ केलं आणि त्यांच्यामागं लागलो. त्या दिवशीची माझी शेवटची फेरी तोवरची सगळ्यात वेगवान होती. ताईनं वेळ ओरडून सांगितली. मी फक्त मान हलवली, बोलायला तोंडच राहिलं नव्हतं.

पुढच्या ऐतवारी मी त्यांना उलट्या वळणावर गाठलं. ते बाहेरून येत होते. मी आतून गेलो, वळायचं होतं तिथं वळलो नाही, आणि त्यांना तसाच ढकलत निवडुंगात नेऊन घातलं. त्यांची गाडी आत रुतली, ते डोक्यावरून पलीकडं. बाहेर आले तेव्हा हाताला, मानेला काटे अडकलेले होते आणि गालावरून रक्ताचे ओघळ येत होते. मला वाटलं आता हा माणूस मला इथंच गाडतो. त्यांनी मला मिठी मारली. हसत होते ते.

"आता आलास तू," म्हणाले. "आता तू आलास, पावणं."

माळावर त्यांनी मला पावणं म्हटलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. खरं सांगायचं तर मला ते फार आवडलं. आठवडाभर वर्कशॉपमध्ये काम करताना मी ते काटे आणि ते रक्त आठवून मनातल्या मनात हसत होतो. एका कामगारानं पाना नीट दिला नाही म्हणून मी त्याची कॉलर धरली. बाजाराच्या दिवशी मंचरला एका टेम्पोवाल्यानं हूल दिली तर त्याला खाली ओढून बदडला. माझा हात आता सरसावलेलाच असायचा. आई म्हणायची, "ह्याच्या अंगात काय शिरलंय." मला वाटायचं, वेग शिरलाय.

त्याच उन्हाळ्याच्या शेवटी एकदा दाजी गॅरेजवर होते आणि मी मळ्यात गाडीची साखळी साफ करत बसलो होतो. ताई गोठ्यातून आली. शेणाची पाटी खाली ठेवताना तिचा दंड उघडा पडला. दंडावर काळेनिळे पट्टे होते, पाइपाएवढ्या रुंदीचे. तसे पट्टे मला ओळखू येत होते. माझ्या पाठीवर होते.

"हे काय गं?" मी विचारलं.

ती पदर ओढून घेणार होती, पण मग तिनं ओढला नाही.

"तुला काय वाटलं," ती म्हणाली, "पाइप काय फक्त माळावरच असतो?"

मी उठलो. साखळी हातातच होती. ती माझ्यापुढं आडवी उभी राहिली.

"बस खाली. आधी ऐकून घे. तू मधी पडायचं न्हाई."

"कधीपासनं?"

"पहिल्यापासनं. आता ते मोजत बसू नको." तिनं आजूबाजूला बघितलं. सासू घरात धान्य निवडत बसली होती. "मी जाणारे. मंचरला माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याची रोपवाटिका हाय. टोमॅटोची, मिरचीची रोपं करत्यात. तिथं कामाला जाणार. खोली पण बोलून ठेवलीय तिनं. दिवाळीच्या आत जाते. चांगलं दिवसाढवळ्या, यष्टीत बसून जाते. भांडून न्हाई, रडून न्हाई. तोवर तू हाताला आवर घाल. तू काय केलंस तर माझं सगळं फिसकटंल. कळलं का?"

मी म्हणालो, कळलं. मला ते कळलंही होतं. आधी मी कधी विचार केला नव्हता की ती रेघेच्या टोकाशी उभी राहून काय बघत असेल. तिला मार नवीन नव्हता, आणि तरी तिच्या हातून वेळ कधी चुकली नव्हती.

पावसाळ्यात ट्रॅक बंद असायचा. त्या वर्षी पाऊस लवकर उघडला, आणि भाद्रपदातच माळ कोरडा पडला. पुण्याला दिवाळीनंतर शर्यत होती. दाजींनी ठरवलं की आपल्या माळावर सरावाचा दिवस ठेवायचा. मंचर, आळेफाटा, जुन्नर इकडची गाडीवेडी पोरं बोलावली. आठ-दहा जण आले, कुणी टेम्पोत गाडी घालून, कुणी तसंच चालवत. बघायलाही माणसं जमली. माळावर फुफाटा उडत होता, टू-स्ट्रोकचा निळा धूर उन्हात तरंगत होता, आणि दाजी सगळ्यांच्या मध्ये उभे राहून हुकूम सोडत होते. एकेकानं तीन फेऱ्या मारायच्या. त्यातली चांगली धरायची. ताईनं वेळ ओरडायची.

त्या दिवशी मी ज्या फेऱ्या मारल्या तशा आधी कधी मारल्या नव्हत्या. उंचवट्यांवर गाडीचं मागचं चाक जमिनीला नुसतं शिवत होतं. बांधावरची उडी मी उंच घेतली नाही, लांब घेतली, खाली टेकलो तेव्हा गॅस उघडाच होता. उलट्या वळणात कुठंही बोट ब्रेकवर गेलं नाही. रेघ ओलांडली आणि मागून ताईचा आवाज आला. एक मिनिट नऊ. बघणाऱ्यांत कालवा झाला. तोवर त्या माळावर सगळ्यात चांगली वेळ दाजींची होती, एक दहा, आणि तीही दोन उन्हाळ्यांमागची.

दाजींनी हेल्मेट चढवलं. त्यांच्या तीन फेऱ्या झाल्या. सगळ्यात चांगली एक बारा. ते थांबले नाहीत, आणखी दोन मारल्या. एक तेरा. एक तेरा. मी तेव्हा पुढच्या पाळीसाठी सरळ पट्ट्याच्या मागच्या टोकाला गाडी मंद चालू ठेवून उभा होतो. बाकीच्यांच्या गाड्या बंद होत्या. तीसेक पावलांवरचं बोलणं मला ऐकू येत होतं.

दाजी उतरले, हेल्मेट काढून हातात घेतलं आणि ताईपाशी गेले.

"घड्याळ अडकतंय," ते म्हणाले.

"न्हाई अडकत."

"अडकतंय म्हणतो ना. ह्याला एक नऊ दिलीस, मला एक तेरा. नीट दाबत न्हाईस तू."

मंचरचा एक पोरगा मध्ये बोलला, "राहू द्या ना भाऊ, परत घेऊ."

ताईनं त्याच्याकडं बघितलं नाही. ती दाजींना म्हणाली, अगदी साधं, जसं आपण जेवायला बसलेल्या माणसाला मीठ कमी आहे का विचारतो तसं, "घड्याळ बरोबर हाय. तुमी बाभळीच्या वळणात ब्रेक लावताय."

दाजींचा हात उलटा आला. हातमोज्यासकट तो तिच्या तोंडावर बसला आणि ती एका पायावर फिरली. ती सावरते तोच त्यांनी दुसऱ्या हातातलं हेल्मेट फिरवलं. ते तिच्या खांद्याला लागून कानावर आलं. हाडावर प्लास्टिक आपटल्याचा आवाज झाला. ती खाली बसली, मग कुशीवर पडली. घड्याळ तिच्या मुठीतच होतं. दाजींनी पायानं तिची मूठ दाबली.

आठ-दहा धट्टीकट्टी पोरं तिथं उभी होती. एकही पुढं झालं नाही. एक जण तर दुसरीकडं बघायला लागला, नवरा-बायकोचं आहे म्हणून.

मी क्लच सोडला. ठरवलं वगैरे काही नाही. पहिला गियर, दुसरा, आणि गाडी पूर्ण आवाजात. ताई त्यांच्या बाजूला पडली होती आणि दोघांच्या मध्ये जेमतेम हातभर जागा होती. ती जागा मला दिसली. मी तिच्याकडं बघितलं नाही, त्या जागेकडंही नाही. मी दाजींच्या गुडघ्याकडं बघत होतो, दुसरं काहीच बघत नव्हतो. त्यांनी आवाज ऐकून मान वळवली. बाजूला उडी मारायला त्यांना वेळ होता. ते हलले नाहीत, पाय रोवून उभे राहिले. शेवटपर्यंत त्यांना वाटत असावं की मी ब्रेक लावीन.

चाक त्यांच्या नडगीवर गेलं, हँडल कमरेत. मला ओली फांदी मोडल्यासारखं ऐकू आलं. मग आकाश खाली, माती वर, आणि मी रेघेच्या पलीकडं तोंडावर. उजव्या बाजूचं गळ्याजवळचं हाड माझ्या अंगातल्या अंगात सरकलं. मी उठलो. दाजी उताणे पडले होते, डावा पाय गुडघ्याखाली भलत्याच बाजूला वळलेला, आणि विजारीतून हाडाचं पांढरं टोक बाहेर आलं होतं. गाडी त्यांच्या अंगावरून पुढं जाऊन घरघरत पडली होती. मी त्यांचंच हेल्मेट डाव्या हातानं उचललं आणि त्यांच्या तोंडावर हाणलं. एकदा, दोनदा. मग पोरांनी मला मागून धरलं. आता त्यांना हात आले होते.

"सोडा त्याला," ताई म्हणाली. ती उठून बसली होती. कानातून रक्त येत होतं. "न्हाई, सोडू नका, लांब न्या."

ती माझ्याकडं आलीच नाही. ती दाजींपाशी गेली. टोमॅटोच्या बागेतल्या काठ्या मागवल्या, पदर फाडला, पाय सरळ केला आणि बांधला. दाजी गुरासारखे ओरडत होते. तिनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं नाही, डोळे पुसले नाहीत, नुसतं काम केलं. मग पिकअपमध्ये आम्हा दोघांना शेजारी शेजारी टाकून नारायणगावला नेलं. वाटेत प्रत्येक खड्ड्याला आम्ही दोघं एकदमच कण्हत होतो.

दवाखान्यात पोलीस आले. मी काय सांगायचं ते ठरवून पडलो होतो. दाजींनी मला बोलूच दिलं नाही.

"अपघात झाला साहेब," ते म्हणाले. त्यांचे ओठ सुजून फुटले होते. "पोराचा ब्रेक उशिरा लागला. मी लायनीवर उभा व्हतो. चूक माझी हाय."

पोलीस गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "ब्रेक लावलाच न्हाईस ना तू?"

"न्हाई."

"वाटलंच," ते म्हणाले. त्या आवाजात राग नव्हता. निवडुंगातून बाहेर आल्यावर जसे बोलले होते तसाच काहीसा आवाज होता तो. मला त्या क्षणी त्यांची किळस आली, आणि माझीही थोडी आली.

संध्याकाळी ताई माझ्या खाटेशी आली. कानाला पट्टी होती. मला वाटलं ती बसेल, हात धरेल. ती उभीच राहिली.

"आता मी कशी जाऊ?" ती म्हणाली.

मला समजलं नाही.

"पाय मोडलेल्या नवऱ्याला टाकून गेली म्हणतील. मंचरची मैत्रीण सुद्धा दारात उभं करायची न्हाई. आई काय म्हणाली माहितीय? म्हणाली, त्याला पायावर उभा कर, मग तुझं काय ते बघू. तुझ्या नवऱ्याला आपल्याच पोरानं मोडलाय, आता निस्तरायचं आपणच. दिवाळीला दोन महिने व्हते. तुला म्हणलं व्हतं ना मधी पडू नको?"

"तो मारत होता तुला."

"पहिल्यांदा मारत व्हता का?"

ती गेली. त्यानंतर कित्येक वर्षं ती माझ्याशी बोलली नाही.

पुढचं मला आईकडून आणि शेजारच्या मळ्यातल्या एका काकूंकडून कळलं, आणि फार नंतर थोडं ताईकडून. दाजींचा पाय दोनदा ऑपरेशन करून जोडला. ते सगळा हिवाळा खाटेवर होते. ताईनं त्यांचं सगळं केलं, शौचाच्या भांड्यापासून आंघोळीपर्यंत. खाटेवरूनही ते हाताला येईल ते फेकायचे. तांब्या, ताट, रेडिओ. उन्हाळ्याच्या तोंडाला कुबड्या आल्या. एके सकाळी अंगणात चहा गार झाला म्हणून त्यांनी एक कुबडी तिच्या अंगावर फेकली. ती तिच्या कपाळाला लागली. ताईनं ती कुबडी उचलली, दुसरी त्यांच्या काखेतून काढून घेतली, आणि दोन्ही धुण्याच्या दगडावर टेकवून पायानं मोडल्या. एक मोडायला वेळ लागला म्हणे, तिनं तीनदा पाय मारला. दाजी अंगणाच्या मधोमध पडले होते. सासू मध्ये यायला लागली तर ताईनं मोडकं दांडकं तिच्याकडं रोखलं आणि म्हणाली, "तुमी घरात जा."

मग ती ओट्यावर बसली. दाजी अंगणातून ओट्यापर्यंत हातांवर सरपटत आले. शेणानं सारवलेलं अंगण, त्यावर उन्हं. शेजारच्या काकू बांधावरून बघत होत्या. त्या मला म्हणाल्या, तुझी बहीण जोंधळा निवडत बसल्यासारखी शांत बसली होती, आणि तो सरपटत होता. तो ओट्याला पोचल्यावर तिनं त्याला वर घेतलं, पाणी दिलं. नव्या कुबड्या चार दिवसांनी आल्या.

"त्यानंतर त्यानं हात उचलला न्हाई," ताईनं मला पुढं सांगितलं. आधी ती त्यांना नेहमी "ते" म्हणायची. "उचलता येत व्हता. पण उचलला न्हाई."

पावसाळा सरता सरता दाजी काठीच्या आधारानं गॅरेजपर्यंत चालायला लागले. दुसऱ्या आठवड्यात ताईनं पत्र्याची पेटी भरली, सासूच्या पाया पडली, आणि सकाळच्या गाडीनं, सगळा फाटा बघत असताना, मंचरला गेली. दाजी गॅरेजच्या दारात उभे होते. कुणी म्हणतं त्यांनी हाक मारली, कुणी म्हणतं नाही मारली. ती वळली नाही, एवढं मात्र सगळे एकमतानं सांगतात.

माझं सांगायचं तर हाड बसल्यावर मी पुण्याच्या शर्यतीला गेलो, पुढच्या वर्षीच्या. पहिल्याच वळणाला एकानं मला कोपर मारलं. मी त्याच्यामागं लागलो. त्याला गाठायच्या नादात माझी प्रत्येक फेरी आधीपेक्षा खराब झाली, वळणात ब्रेक, उंचवट्यावर खाली बसणं, सगळं जुनं परत आलं. मी शेवटून दुसरा आलो. मग दोन वर्षं एकटाच सराव केला, कारखान्यामागच्या पडीक रानात, कुणाला न मारता, कुणाचा मार न खाता. वेळ सुधारली. दोन-तीन ठिकाणी नंबरही आला. पण त्या माळावरची ती एक फेरी जशी गेली तशी पुन्हा कधी गेली नाही, आणि ती तशी पुन्हा जावी असं मला वाटलंही नाही. पुढं लग्न झालं, गाडी एका लेण्याद्रीच्या पोराला देऊन टाकली.

ताई माझ्याशी बोलायला लागली ती अचानक. एक दिवस तिचा कारखान्यात निरोप आला, रोपवाटिकेत माणसं कमी आहेत, सुट्टी असेल तर ये. मी गेलो. तोवर ती तिथली जवळजवळ मालकीण झाली होती. शेडनेटखाली हिरवा उजेड, ओळीनं ट्रे मांडलेले, टोमॅटोची बोटभर रोपं. तिनं मला काही विचारलं नाही. नारळाच्या भुशाची पोती दाखवली आणि ट्रे भरायला बसवलं. माळावरच्या त्या दिवसापासून तिला डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं, म्हणून मी तिच्या उजव्या हाताला बसलो.

दुपारी एक शेतकरी आला. तालेवार होता, गळ्यात जाड गोफ. दहा दिवसांपूर्वी नेलेली रोपं जळाली म्हणून तो शिव्या देतच आत शिरला. ताई म्हणाली, भर उन्हात लावलीत तुमी, मी संध्याकाळी लावा म्हणलं व्हतं. तो आणखी भडकला. बाईमाणसानं धंदा करायचा म्हणजे असंच व्हायचं, असं काहीतरी बोलला आणि पायानं एक ट्रे उडवला. रोपं तिच्या साडीवर पडली. मग तो तिच्या अंगावर एक पाऊल सरकला.

मी कधी उठलो मला कळलं नाही. हातात फावडं होतं.

"बस," ताई म्हणाली. माझ्याकडं न बघता.

मी बसलो नाही.

"बस खाली म्हणते ना. मी बोलते."

मी बसलो. फावडं जमिनीवर ठेवलं. ताई त्या माणसाच्या समोर गेली, अगदी जवळ, त्याला मागं सरावं लागेल इतकी जवळ. आवाज चढवला नाही. "ट्रे उचला," ती म्हणाली. तो तिच्याकडं बघत राहिला. तिनं पुन्हा तेच सांगितलं, त्याच आवाजात. शेडमध्ये काम करणाऱ्या बाया हातातलं टाकून उभ्या राहिल्या होत्या. तो माणूस काही तरी पुटपुटला, खाली वाकला, आणि ट्रे उचलून फळीवर ठेवला. मग बाहेर जाऊन त्यानं जीप इतक्या जोरात मागं घेतली की फाटकाचा खांब हलला.

ताईनं साडी झटकली. पडलेल्या रोपांतली जी जगतील ती वेचून वेगळी ठेवली.

"पाणी पी," ती मला म्हणाली. मी पाणी प्यालो. मग आम्ही राहिलेले ट्रे भरायला घेतले.